शीत आघाडी : एकच शहर, कधी वाई तर कधी महाबळेश्वर

भूगोलाच्या पुस्तकात हवामानाचा नकाशा असतो. त्यावर एक निळी वळणदार रेघ आणि रेघेला करवतीसारखे त्रिकोणी दात. खाली लिहिलेलं असतं, 'शीत आघाडी'. मुलं ती आकृती छान काढतात, निळा रंगही भरतात. पण "म्हणजे काय?" असं विचारलं की उत्तर येतं, "थंडी येते." हे उत्तर चूक नाही, पण फार अपुरं आहे. आपल्याकडे अशी आघाडी अनुभवायला मिळत नाही, त्यामुळे मुलांचा दोष नाही. म्हणून हा धडा शिकवताना एक खरी घडलेली घटना हाताशी असावी असं मला वाटतं. त्यासाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यासारखी जागा नाही.

आधी शब्दाबद्दल. आघाडी म्हटलं की आजच्या मुलांना निवडणूकच आठवते! पण इथे तिचा जुना, लढाईतला अर्थ आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात नॉर्वे देश तटस्थ होता. लढणाऱ्या देशांकडून येणारी हवामानाची माहिती बंद झाली होती. तेव्हा बर्गेन शहरात व्हिल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचा मुलगा याकोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातच जागोजागी निरीक्षण केंद्रं उभी केली. केंद्रं जवळजवळ असल्यामुळे एक गोष्ट ध्यानात आली. हवा हळूहळू सगळीकडे सारखी बदलत नाही, बदल एका अरुंद पट्ट्यात एकवटलेला असतो. अलीकडे एक हवा, पलीकडे दुसरी, आणि मधे जणू दोन सैन्यांची रेघ. युद्धाच्या बातम्या रोज कानावर पडत होत्याच, नावही तिथूनच आलं.

आता ही रेघ पुढे सरकते तेव्हा काय होतं? थंड हवा जड असते. ती गरम हवेत मिसळत बसत नाही, तिच्या बुडाखाली पाचरीसारखी घुसते. गरम हवा वर उचलली जाते, वर जाऊन थंड होते आणि ढग धरतात. ही पाचर फार चपटी असते. जमिनीवरच्या रेघेपासून ५० ते १०० किलोमीटर मागे गेलं तर थंड हवेची जाडी जेमतेम १ किलोमीटर भरते. फळ्यावर आपण ती समजावी म्हणून उभट काढतो, पण हे प्रमाण मुलांना तोंडी जरूर सांगावं. पुढे त्याचं काम पडणार आहे.

घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे. पारदर्शक प्लास्टिकचा लांबट डबा घ्यायचा, मधे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पुठ्ठा घट्ट बसवायचा. एका बाजूला फ्रिजमधलं पाणी निळी शाई टाकून, दुसऱ्या बाजूला कोमट पाणी लाल शाई टाकून. पुठ्ठा अलगद वर ओढला की निळं पाणी तळाने सरसर पलीकडे जातं आणि लाल पाणी त्याच्यावर चढतं. पालकांनी हे एकदा मुलांबरोबर करावंच. डबा नसेल तर रात्री अनवाणी उभं राहून फ्रिजचं दार उघडा, गारवा आधी पावलांना लागतो.

तर कोलोरॅडो. त्याचा पश्चिम भाग रॉकी पर्वताचा, ४००० मीटरहून उंच शिखरांचा. पूर्व भाग मात्र सपाट गवताळ मैदान. डेन्वर हे शहर बरोबर पर्वताच्या पूर्व पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर वसलेलं आहे. ५ सप्टेंबर २०२० ला, शनिवारी, तिथे १०१ अंश फॅरनहाइट म्हणजे ३८ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं. सोमवारी, ७ तारखेलाही दुपारी ३४ अंशांच्या आसपास होतं. आणि मंगळवारी, ८ सप्टेंबरला शहरात बर्फ पडला! पंचांगाने बघितलं तर तिथे अजून उन्हाळाच चालू होता. हवामानशास्त्रज्ञ मात्र शरद ऋतू १ सप्टेंबरपासूनच धरतात, त्यांच्या हिशेबाने हा शरदातला हवापालट.

कॅनडाकडून आलेल्या शीत आघाडीने हे केलं हे खरं. पण एवढा टोकाचा फरक का पडला, याचं उत्तर वाऱ्याच्या दिशेत आहे आणि ते आपल्या मुलांना सह्याद्रीवरून चटकन कळतं.

नैर्ऋत्य मोसमी वारा घाट चढतो, थंड होतो आणि महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस टाकतो. घाट उतरून तीसेक किलोमीटरवरच्या वाईला आलं की पाऊस कितीतरी कमी. उतरणारी हवा दाबली जाऊन तापते आणि कोरडी होते. 'प्रतिरोध पर्जन्य' आणि 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हे सगळ्यांचं पाठ असतं. आता डेन्वर बघा. आघाडी येण्याआधी वारा पश्चिमेचा असतो, तो रॉकी पर्वत उतरून शहरात येतो. कोरडी हवा उतरताना दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने तापते. म्हणजे डेन्वर तेव्हा वाई असतं. आघाडी पुढे सरकली की मागून उत्तरेचा, ईशान्येचा वारा सुरू होतो. तो मैदानावरून पर्वताकडे निघतो, आणि मैदान तिकडे चढतच जातं. हवा चढू लागते, थंड होते, ढग पायथ्याला टेकतात. आता तेच डेन्वर महाबळेश्वर झालं. आपल्याकडे ऋतूभर वाऱ्याची दिशा साधारण ठरलेली असते, म्हणून गावाची बाजूही ठरलेली. तिथे ती एका रात्रीत पालटते.

आणि इथेच ती चपटी पाचर आठवायची. कधी कधी थंड हवेचा थर इतका पातळ असतो की तो पर्वत चढूच शकत नाही, पायथ्याशी साचून राहतो. मग मैदानात धुकं, ढग, हाडं गोठवणारी थंडी, आणि वर डोंगरात स्वच्छ ऊन! "उंचावर गेलं की थंडी वाढते" हा नियम घोकलेल्या मुलांना हे सांगून बघा, वर्गात चांगला वाद होतो.

सप्टेंबर २०२० च्या त्या आघाडीकडे बातम्यांनी गंमत म्हणून पाहिलं, काल पंखा आणि आज स्वेटर. पण ज्यांचं घरदार तिच्या वाटेवर होतं त्यांना गंमत नव्हती. डेन्वरच्या वायव्येला डोंगरात १३ ऑगस्टपासून कॅमेरॉन पीकचा वणवा पेटलेला होता. आघाडी येण्याआधीच्या कोरड्या, जोरदार वाऱ्याने तो झपाट्याने पसरला आणि १ लाख एकरांच्या वर गेला. मग बर्फ आला आणि वणवा दबला. विझला मात्र नाही. पुढे पुन्हा भडकून तो २ लाख ८ हजार एकरांवर गेला आणि डिसेंबरमध्ये आटोक्यात आला. तिकडे वॉशिंग्टन राज्यात त्याच थंड हवेच्या लोंढ्याने कोरडा सोसाट्याचा वारा आणला. ७ सप्टेंबरला माल्डन नावाच्या छोट्या गावातल्या सुमारे ८० टक्के इमारती काही तासांत जळून गेल्या. दक्षिणेला न्यू मेक्सिकोत स्थलांतर करणारे पक्षी मोठ्या संख्येने मेलेले सापडले. तपासणीत दिसलं की ते आधीच उपासमारीने खंगलेले होते, आणि अचानक आलेल्या थंडी-वाऱ्याने त्यांचा शेवट केला.

एकाच आघाडीने एके ठिकाणी आग दाबली, दुसरीकडे भडकवली. "थंडी येते" या उत्तरात हे बसत नाही. तुम्ही रेघेच्या कुठल्या बाजूला आहात, वारा डोंगर चढतोय की उतरतोय, आणि त्या वाऱ्यात ओल आहे की नाही, यावर सगळं अवलंबून.

मग आपल्याकडे असं का होत नाही? नकाशा समोर ठेवा आणि मुलांना फक्त पर्वतांची दिशा बघायला सांगा. रॉकी पर्वत उत्तर-दक्षिण आहे. त्याच्या पूर्वेला कॅनडापासून टेक्सासपर्यंत मोकळं मैदान, थंड हवेला अडवणारं काही नाही. हिमालय पूर्व-पश्चिम आडवा उभा आहे, मध्य आशियाची गोठवणारी हवा तो पलीकडेच थोपवतो. आपल्यापर्यंत येते ती उत्तर भारतातली कोरडी थंडी. पश्चिमी विक्षोभ उत्तरेतून पुढे सरकला की उत्तरेचे वारे वाहू लागतात आणि दोन-चार दिवसांत निफाडचा पारा उतरत जातो. ढग नाहीत, गडगडाट नाही. तरी द्राक्षबागायतदाराला विचारा, पहाटे बागेत शेकोट्या पेटवणाऱ्याला ती थंडी काय चीज आहे ते ठाऊक असतं.

वर्गात शेवटी मी एक छोटं काम देते. फळ्यावर तीनच नोंदी लिहायच्या. सोमवार दुपार : वारा पश्चिमेचा, ३४ अंश, आकाश निरभ्र. सोमवार रात्र : वारा उत्तरेकडे वळला, हवेचा दाब वाढतोय. मंगळवार सकाळ : वारा ईशान्येचा, बर्फ. प्रत्येक नोंदीच्या वेळी ती दातेरी निळी रेघ डेन्वरच्या कुठल्या बाजूला असेल ते वहीत काढायचं, आणि दात कुठल्या दिशेला करायचे तेही ठरवायचं.