नावामागची रिकामी जागा



गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंची रक्कम अडकली. यादीत नाव होतं, पासबुकावर तेच नाव होतं, खाते क्रमांकही बरोबर होता. तरी यादी परत आली आणि शेरा एकच, ‘नाव जुळत नाही’. ताई दोनदा तालुक्याला जाऊन आल्या. दोन दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं वेगळं. आम्ही यादी आणि पासबुक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर लावून पाहिलं. मंदा म्हणजे मंदा. त्यात चूक ती काय असणार?

ती सापडली आमच्याच गावातल्या, संगणकाच्या वर्गाला जाणाऱ्या एका मुलीला. तिनं यादीत त्या नावाच्या चौकोनात क्लिक केलं आणि म्हणाली, “ताई, काडी कुठं उभी आहे बघा.” लुकलुकणारी उभी काडी ‘मंदा’च्या कान्याला चिकटून असायला हवी होती. ती एक पाऊल सोडून उभी होती. नाव टाइप करताना आमच्याकडून शेवटी स्पेस दाबली गेली होती. आपल्या डोळ्याला ती दिसत नाही, संगणकाला मात्र दिसते.

असं का होतं, ते समजून घेऊ. आपण ‘मंदा’ वाचतो तेव्हा आपल्यासमोर माणूस उभं राहतं. संगणकासमोर फक्त माळ असते. प्रोग्रॅम लिहिणारे अशा मजकुराला स्ट्रिंग म्हणतात, म्हणजे दोऱ्यात ओवलेले मणी. आपण ‘मंदा’मध्ये दोन अक्षरं मोजतो, तो चार मणी मोजतो. म, अनुस्वार, द आणि काना. ‘स्त्री’ हे आपल्या लेखी एकच अक्षर. त्याच्या लेखी सहा मणी : स, पाय मोडण्याची खूण, त, पुन्हा तीच खूण, र आणि वेलांटी. प्रत्येक मण्याला युनिकोड नावाच्या जगभर चालणाऱ्या यादीतला एक क्रमांक असतो. क चा २३२५, पहिल्या वेलांटीचा २३६७, दुसरीचा २३६८. रिकाम्या जागेलाही क्रमांक आहे, ३२. म्हणजे ती जागा रिकामी नाहीच, तो पारदर्शक काचेचा मणी आहे. दोन नावं जुळवायची म्हणजे दोन माळा शेजारी धरून मण्याला मणी लावायचा. एक जरी वेगळा निघाला तरी नाव जुळत नाही.

या माळा साफ करायला, मोजायला, तोडायला, जोडायला संगणकात तयार हत्यारं असतात. त्यांना फंक्शन म्हणतात. प्रोग्रॅम लिहिण्याच्या बहुतेक भाषांत ती असतात, नावं थोडी निराळी. आपल्या याद्या एक्सेलमध्ये असतात म्हणून तिथलीच नावं सांगतो. आधी बरोबरचं चिन्ह, मग हत्याराचं नाव, मग कंसात त्या चौकोनाचा पत्ता, एवढंच लिहायचं असतं.

पहिलं ट्रिम. हे माळेच्या पुढचे-मागचे काचेचे मणी काढून टाकतं आणि मध्ये दोन-तीन एकत्र आले असतील तर एकच ठेवतं. दुसरं लेन, हे मणी मोजतं. ‘मंदा’चे चार यायला हवेत आणि पाच आले, तर समजायचं की कुणीतरी लपून बसलंय. ट्रिम करूनही पाचच येत असतील, तर तो दुसऱ्या जातीचा काचेचा मणी. वेबपानावरून नाव उचलून चिकटवलं की कधी कधी १६० क्रमांकाची रिकामी जागा सोबत येते. ती दिसायला अगदी तशीच, पण ट्रिम तिला हात लावत नाही. ती काढायला सबस्टिट्यूट लागतं, म्हणजे हा मणी काढून तो घाल, असं सांगणारं हत्यार.

सबस्टिट्यूट फार कामाचं आहे आणि तेवढंच घातकही. फाइंड-रिप्लेसची खिडकी हे त्याचंच सोपं रूप. त्यानं आम्ही कसा घोळ घातला ते सांगतो. पतीच्या नावाच्या रकान्यात काहींनी ‘श्री’ लावलं होतं, काहींनी नव्हतं. सगळीकडचं ‘श्री’ काढून टाकू म्हणून आम्ही पूर्ण पानावर आदेश दिला. एका झटक्यात जयश्रीचा जय झाला, राजश्रीचा राज झाला, आणि ज्यांच्या नावामागं ‘श्रीमती’ होतं त्यांच्या नावाला ‘मती’ चिकटली. मग ‘सौ’ काढायला गेलो, तर सौदागर आडनावाच्या ताई दागर झाल्या आणि सौंदाणेंचा नुसता टिंब असलेला ‘ंदाणे’ उरला. बैठकीत सगळ्या पोट धरून हसल्या, पण ती यादी तशीच गेली असती तर? संगणकाला ‘श्री’ हा मान आहे की नावाचा तुकडा, हे कळत नाही. त्याला चार मणी ओळीनं सापडले की तो ते काढतो. आता आम्ही फक्त तोच रकाना निवडतो, ‘सौ’पुढचा टिंब आणि जागाही आदेशात घेतो, आणि आधी मूळ यादीची एक प्रत बाजूला ठेवतो.

लेफ्ट आणि राइट ही तोडायची हत्यारं. लेफ्ट डावीकडून सांगाल तेवढे मणी देतं, राइट उजवीकडून. मराठी नावावर लेफ्ट वापरू नका. ‘किरण’चा पहिला मणी मागितला तर नुसता क मिळतो. वेलांटी आपण आधी काढत असलो तरी संगणक ती क च्या नंतर ओवतो. आकड्यांना मात्र ही दोन्ही उत्तम. मोबाइल क्रमांक कुणी मागं शून्य लावून देतं, कुणी अधिक एक्क्याण्णव, कुणी मध्ये जागा सोडून. आधी सबस्टिट्यूटनं मधल्या जागा काढायच्या, मग राइटनं शेवटचे १० आकडे घ्यायचे. क्रम उलटा केलात तर जागाही आकड्यात मोजली जाईल आणि एक आकडा कमी पडेल.

आयएफएससीचं असंच. तो नेहमी ११ खुणांचा असतो. पहिली चार बँकेची इंग्रजी अक्षरं, पाचवी खूण शून्य, पुढच्या सहा शाखेच्या. कितीतरी जणी पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ लिहितात, कारण पासबुकावर दोन्ही सारखेच दिसतात. सगळे कोड लेनला दाखवून ११ येतात का बघा, आणि पाचवी खूण शून्यच आहे ना, हेही बघा. मराठी कळफलकावरून टाइप केलेला ५ आणि इंग्रजी कळफलकावरचा पाच हेही वेगवेगळे मणी आहेत. खाते क्रमांक नेहमी इंग्रजी आकड्यांतच भरा.

खाते क्रमांकाबद्दल अजून एक, कारण यात प्रत्यक्ष पैसे अडकतात. एक्सेलला तो साधी संख्या वाटतो. संख्येच्या आधीच्या शून्याला काय किंमत, म्हणून तो ती खाऊन टाकतो. संख्येतले १५ आकडेच तो नीट लक्षात ठेवतो, सोळावा असेल तर त्याचा शून्य करतो. काही बँकांचे क्रमांक १६ आकडी असतात, तिथं हा घात ठरलेला. म्हणून क्रमांक भरण्याआधीच तो रकाना टेक्स्ट करून घ्यायचा. म्हणजे संगणक त्याला संख्या न मानता माळच मानतो आणि एकही मणी टाकत नाही. आधी भरून नंतर टेक्स्ट केलात तर गेलेला आकडा परत येत नाही.

आता बायकांच्या नावाकडे येऊ, कारण खरी कसोटी तिथं आहे. स्प्लिट म्हणजे रिकामी जागा दिसेल तिथं माळ तोडणं. नाव, पतीचं नाव, आडनाव असे तीन तुकडे होतील असं यादी करणारा गृहीत धरतो. पण ‘शांता बाई’ कुणी तोडून लिहिलं की चार तुकडे होतात आणि आडनाव पलीकडच्या रकान्यात जाऊन पडतं. कुणी पतीचं नाव लावत नाही, तिचे दोनच तुकडे, मग तिचं आडनाव पतीच्या नावाच्या रकान्यात. बँकेत आडनाव आधी, रेशनकार्डावर शेवटी. लग्नाआधीचं खातं माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव येतं. म्हणजे सरळ चार तुकडे. आईचं नाव आलं याचा आम्हाला आनंदच आहे, पण तीन रकान्यांच्या जुन्या याद्या वापरणाऱ्यांनी आता तरी चौथा रकाना करावा.

सुनिता आणि सुनीता यांत संगणकाला एकाच मण्याचा फरक दिसतो, २३६७ की २३६८. कुऱ्हाडे, गोऱ्हे या आडनावांतला तो अर्धा र तर दोन वाटांनी टाइप करता येतो. दिसायला एक, आत मणी वेगळे. यावर तोडगा म्हणून सगळ्या सुनितांच्या सुनीता करून टाकू, असं आम्हाला एकदा वाटलं होतं. व्याकरण बरोबर झालं असतं, पण जिच्या पासबुकावर ऱ्हस्व वेलांटी आहे तिचे पैसे अडकले असते. शुद्धलेखन शाळेत, यादीत पासबुकावरचं. ती सुनिता आणि ही सुनीता एकच बाई की शेजारच्या गल्लीतल्या दोघी, हे तर कुठलंच हत्यार सांगू शकत नाही.

त्यामुळे आता यादी पाठवण्याआधी आम्ही ट्रिम फिरवतो, लेननं क्रमांक मोजतो, आणि मग बैठकीत एकेकीचं नाव मोठ्यानं वाचतो. जिला वाचता येत नाही तिच्याजवळ तिची लेक, सून नाहीतर शेजारीण बसते आणि पासबुकाशी ताडून पाहते. पाऊण तास जातो, कुणाकुणाचा चहा निवतो.

त्या ताईंची रक्कम नवीन यादी गेल्यावर जमा झाली. बुडालेली मजुरी काही परत आली नाही. पुढची यादी या महिनाअखेर जायची आहे. बैठकीला येताना पासबुक आणा, आणि ज्यांचं खातं माहेरच्या नावानं आहे त्यांनी आल्या आल्या सांगा.