नळ, तलाव आणि नगरपालिकेची थैली

नळाची तोटी फिरविली कीं पाणी यावें, एवढीच बहुतेक नागरिकांची नगरपालिकेकडून अपेक्षा असते. तें पाणी कोणी, कोणाच्या पैशानें आणि किती वर्षांचा विचार करून आणलें, हा प्रश्न तोटी कोरडी पडल्यावर सुचतो. जालना शहराला तो 2012-13 च्या दुष्काळांत सुचला. घाणेवाडीचा जलाशय आटला आणि 2011 च्या शिरगणतीप्रमाणें सुमारें 2 लाख 85 हजार वस्तीचें हें शहर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलें.

वस्तुतः जालन्याला पाण्याच्या सोयी नवीन नव्हेत. जमशेदखानानें मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ घालून त्याचें पाणी शहरांत खेळविलें. भरभराटीच्या काळीं येथें पांच तलाव होते. पुढें त्यांपैकीं एकटा मोती तलावच वापरांत राहिला, अशी जुन्या गॅझेटिअरची नोंद आहे. तलाव बांधणाऱ्याचें नांव इतिहासांत टिकतें. गाळ काढणाऱ्याचें नांव कोणी लिहून ठेवीत नाहीं, आणि त्या कामासाठीं पैसाही सहसा कोणी राखून ठेवीत नाहीं.

निजामी राजवटींत शहराच्या उत्तरेस कुंडलिका नदीवर घाणेवाडीचा जलाशय झाला. त्याला आज संत गाडगेबाबा जलाशय म्हणतात. जागा अशी साधलेली कीं पाणी केवळ उतारानें शहरांत यावें. पंप नको, वीजही नको. अशा कामाचा चालू खर्च इतका थोडा असतो कीं तो मुळींच नाहीं असा भ्रम होतो. परंतु प्रत्येक पावसाळ्यांत नदी थोडी माती आणतेच, आणि तिचा हिशेब तलावाच्या तळाशीं मांडला जातो. अखेर 2010 च्या सुमारास शहरांतील उद्योजक व नागरिक यांनीं घाणेवाडी जलसंरक्षण मंच स्थापन केला आणि वर्गणी जमवून गाळ काढण्यास हात घातला. ही गोष्ट गौरवाची खरी. पण नगराच्या नित्य कर्तव्याचा भार वर्गणीवर पडावा, ही स्थिति कांहीं समाधानाची म्हणतां येत नाहीं.

2013 सालीं पैठणच्या नाथसागराचें पाणी लांब नळानें जालन्यास पोंचलें. हें शहर नाथसागराहून उंचावर असल्यानें तें पाणी रोज उपसून चढवावें लागतें. येथें नगराच्या जमाखर्चांतील मुख्य भेद स्पष्ट होतो. नळ घालण्याचा खर्च एकदांच होतो आणि अशा मोठ्या कामाला सरकारी अनुदानाचा आधार मिळूं शकतो. वीज, दुरुस्ती व नोकरवर्ग यांचा खर्च मात्र दरमहा उभा राहतो, आणि तो मुख्यतः घरपट्टी व पाणीपट्टी यांतूनच भागवावा लागतो. शिवाय यंत्रेंही म्हातारीं होतात. समजा, एखादा पंप 30 लाख रुपयांचा आहे आणि तो 15 वर्षें चालेल. तर प्रतिवर्षीं 2 लाख रुपये बाजूस ठेवले पाहिजेत, आणि किंमती वाढत असल्यानें थोडे अधिकच. यालाच घसारा निधि म्हणतात. किराणा दुकानदारही तराजू जुना झाला कीं नव्याची तजवीज मनांत धरतो. नगरपालिकेला तें अवघड जातें, कारण आज बाजूस ठेवलेल्या रुपयाचा उद्घाटन समारंभ होत नाहीं.

उत्पन्नाची बाजू मुळांतच अशक्त आहे. व्यापारी गांवाला जकातीचें उत्पन्न रोजच्या रोज मिळे. महाराष्ट्रांतील नगरपालिकांची जकात 1999 सालीं बंद झाली आणि तिच्या जागीं सरकारी अनुदान आलें. म्हणजे हातांतला पैसा दुसऱ्याच्या हातांतून येऊं लागला. 1993 सालीं अंमलांत आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीनें नगरांना पुष्कळ कामें नेमून दिलीं आणि राज्य वित्त आयोगाचीही तरतूद केली. परंतु कामांइतका पैसा आपोआप आला नाहीं. पुण्यानें 2017 सालीं पाणीयोजनेसाठीं 200 कोटी रुपयांचे रोखे बाजारांत विकले. लहान शहराला असें कर्ज कोण देईल? ज्याची पट्टी वेळेवर वसूल होते व ज्याचे हिशेब तपासलेले असतात, त्यालाच सावकार दारांत उभें करतो.

जालना 2023 सालीं महानगरपालिका झालें. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणें शहराची विकास योजना साधारणतः 20 वर्षांचा विचार करून आंखली जाते. रस्ते, बागा, शाळा यांच्या जागा नकाशावर रंगवून दाखविल्या जातात. त्या प्रत्येक कामासमोर त्याचा खर्च, त्याच्या दुरुस्तीचें साल आणि पैसा कोणत्या करांतून यावयाचा, असे तीन रकाने जोडतां येतील. त्यांतील एका ओळींत घाणेवाडीचा गाळ असेल, आणि दुसऱ्या ओळींत पैठणच्या पंपांची वीज.