दुसऱ्याच्या पानावरचे घुसखोर

ऑनलाइन बाजारात एका वस्तूचे पान बहुधा एकच असते. ती विकणारे अनेकजण त्यालाच जोडले जातात. नकली माल विकणाऱ्यांना हीच सोय फावते. फोटो आणि अभिप्राय मूळ विक्रेत्याचे, पार्सलमधला कुर्ता भलताच. किंमत थोडी उतरवली की ऑर्डर घुसखोराकडे वळते, एका स्टारचा शेरा मात्र मूळ ब्रँडच्या माथी! ‘व्ही ट्रॅडिशन’ या कपड्यांच्या ब्रँडबाबत अशी परस्पर जोडणी होऊ देण्यास दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फ्लिपकार्टला मनाई केली. ब्रँडमालकांना अशा घुसखोरीपासून संरक्षण देणाऱ्या ॲमेझॉनच्या ‘ब्रँड रजिस्ट्री’ या नोंदणीत शिरायला ट्रेडमार्क किंवा निदान त्यासाठीचा अर्ज लागतो. संशयित नग स्वतः मागवून, वेष्टन-लेबलांचे फोटो जोडून केलेली तक्रार अधिक टिकते. अस्सल मालच स्वस्तात विकणाऱ्याला मात्र सहसा हटवता येत नाही.