निष्ठा कोणाशी? कोकणच्या ख्रिस्ती धर्मपीठांचा इतिहास

कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा घेताना उमेदवार आपले जोडलेले हात बिशपच्या हातांत ठेवतो आणि त्यांचा व त्यांच्यामागून येणाऱ्या बिशपांचा मान राखण्याचे, त्यांच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतो. हेच वचन पुढे दरवर्षी पवित्र तेलांच्या मिस्सेत सर्व धर्मगुरू एकत्रितपणे नव्याने घेतात. बिशपलाही पदग्रहणापूर्वी पोपशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागते. मालवणच्या कॅथलिकांचे धर्मजीवन याच साखळीत गुंफलेले आहे. पूर्वी पुणे धर्मप्रांतात, म्हणजे एका बिशपच्या अधिकारक्षेत्रात, मोडणारा हा प्रदेश 5 जुलै 2005 रोजी स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात आला, त्याचे पीठ सावंतवाडीस ठेवण्यात आले आणि आल्विन बरेटो हे त्याचे पहिले बिशप झाले.

धर्मगुरूकडून बिशपकडे आणि बिशपकडून पोपकडे जाणारी ही वाट आज सरळ दिसत असली, तरी पश्चिम किनाऱ्यावर ती तीन शतकांहून अधिक काळ दुभंगलेली होती. पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोपनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चचे पालकत्व दिले, त्या व्यवस्थेला पाद्रोआदो म्हणतात. तिच्यानुसार चर्चे बांधण्याचा आणि मिशनऱ्यांचा खर्च राजाने सोसायचा, आणि त्या बदल्यात बिशपपदासाठी नावे सुचवण्याचा हक्क त्याला मिळायचा. गोव्याच्या धर्मपीठाचा कारभार याच चौकटीत चालत होता. मात्र 1622 मध्ये रोमने धर्मप्रसारासाठी ‘प्रोपागांदा फिदे’ नावाचे स्वतःचे खाते उघडले आणि राजाला न विचारता माणसे पाठवण्यास आरंभ केला. त्यामुळे राजाच्या कृपेने पद मिळालेल्या आणि पोपच्या थेट आज्ञेने आलेल्या अशा दोन प्रकारच्या अधिकाऱ्यांची गाठ एकाच भूमीवर पडू लागली.

या पेचाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे दिवाडी बेटावर जन्मलेले मातेउस द कास्त्रो. ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या घराण्यातल्या या तरुणाला गोव्यात धर्मगुरुपदाची दारे बंद राहिली, तेव्हा त्यांनी रोम गाठले, तेथे शिक्षण व दीक्षा घेतली आणि 1637 मध्ये ते बिशप झाले. ज्या आदिलशाही मुलखात दक्षिण कोकण मोडत होते, त्याच मुलखासाठी पोपचे प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक झाली. गोव्यातील धर्माधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार मानला नाही; म्हणून पोर्तुगीज हद्दीबाहेर, त्या काळी विजापूरकरांकडे असलेल्या डिचोलीत त्यांनी ठाण मांडले आणि स्थानिक तरुणांना दीक्षा देऊन धर्मगुरू केले. पुढे विजापूरकरांना आणि डचांना गोव्याविरुद्ध चिथावल्याचा ठपका त्यांच्यावर आला, आणि अखेरची वर्षे त्यांना रोममध्येच काढावी लागली. गोव्याच्या दृष्टीने ते फितूर होते, तर स्वतःच्या दृष्टीने ते पोपचे आज्ञाधारक आणि डावलल्या गेलेल्या देशी धर्मगुरूंचे कैवारी होते. या वादात निष्ठावान विरुद्ध निष्ठाहीन असा सामना नव्हताच. दोन निष्ठा समोरासमोर उभ्या होत्या आणि प्रत्येक पक्ष दुसऱ्याला द्रोही ठरवत होता.

हा तिढा द कास्त्रोंबरोबर संपला नाही. 1838 मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी ब्रिटिश भारतातील पाद्रोआदोचा अधिकार मोठ्या प्रमाणावर काढून घेतला, तेव्हा राजाच्या संमतीवाचून आलेला हुकूम बंधनकारक नाही, असे म्हणत गोव्याशी जोडलेल्या अनेक धर्मगुरूंनी तो नाकारला. मुंबईत तर पाद्रोआदोची आणि प्रोपागांदाची चर्चे शेजारी शेजारी, दोन वेगवेगळ्या बिशपांच्या हाताखाली चालत. तेथील हा दुहेरी अंमल 1928 च्या करारापर्यंत टिकला. 1950 मध्ये पोर्तुगालने मुंबईच्या नेमणुकीवरील आपला हक्क सोडला आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

प्रोटेस्टंट पंथांत पोपचे पद नसले, तरी निष्ठेचा हा प्रश्न तेथेही सुटलेला नाही. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. परंतु 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, कारण ख्रिस्ताचा अनुयायी होण्यासाठी परदेशी संस्थेच्या चौकटीत राहणे त्यांना आवश्यक वाटत नव्हते. संस्था सोडणारा माणूस श्रद्धाही सोडतोच असे नाही, हे त्यांनी आचरणातून दाखवले.

या अनुभवांच्या कसोटीवर कॅथलिक चर्चचा 1983 चा धर्मकायदा वाचला, तर त्यातील तरतुदींचे मर्म ध्यानात येते. धर्मगुरूने पोपच्या आणि आपल्या बिशपच्या आज्ञेत राहावे असे हा कायदा सांगतो. पण सामान्य श्रद्धावंतांना चर्चच्या हिताविषयी आपले मत धर्माधिकाऱ्यांपुढे मांडण्याचा हक्क आहे, आणि काही प्रसंगी ते कर्तव्यही आहे, असेही तो बजावतो. बिशपला सल्ला देण्यासाठी धर्मगुरूंची परिषद असावी लागते, प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील समाजात, अर्थसमिती नेमावी लागते, आणि वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी बिशपने पोपकडे राजीनामा सादर करावा अशी अपेक्षा असते. निष्ठेच्या नावाखाली एका माणसाच्या हाती अमर्याद सत्ता जाऊ नये, यासाठी घातलेली ही कुंपणे आहेत. म्हणून चर्चचा हिशेब मागणारा सभासद किंवा बिशपसमोर वेगळे मत नोंदवणारा धर्मगुरू निष्ठेला बट्टा लावत नाही. जे प्रश्न द कास्त्रोंच्या काळी केवळ ताटातुटीने सुटत, ते एकाच छपराखाली बसून सोडवण्याचा मार्ग तो वापरत असतो.