दुखणे पानावर, कारण कुंडीत

होळी झाली की सीवूड्समधल्या पश्चिमाभिमुख गॅलऱ्यांची अवस्था पालटू लागते. पाम बीच मार्गालगत खाडी आणि खारफुटी असल्यामुळे इथल्या रहिवाशांची अशी समजूत असते की समुद्राच्या सान्निध्यात हवा सौम्यच राहणार. परंतु मार्च महिन्यात जमिनीकडून येणारे पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात, समुद्रावरची झुळूक त्यांच्यापुढे दुपारपर्यंत किनाऱ्याशीच अडून राहते, आणि पारा सपाट्याने चढतो. सांताक्रूझच्या वेधशाळेने ४१.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदविले ते २८ मार्च १९५६ रोजी, ऐन वैशाखात नव्हे, ही गोष्ट कुंडीत झाडे वाढविणाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. याच सुमारास मिरचीची पाने आकसतात, कढीपत्त्याचा शेंडा पिवळा पडतो, टोमॅटोची फुले गळतात, तुळस मान टाकते, आणि घरोघर एकच इलाज सुरू होतो: थोडे अधिक पाणी, थोडे अधिक खत आणि कुणीतरी सुचविलेल्या एखाद्या बाटलीतले चार थेंब.

हा इलाज पुष्कळदा मूळ दुखण्याहून घातक ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. वनस्पतीजवळ व्यथा व्यक्त करण्याची साधने फार थोडी आहेत. पान सुकणे, पिवळे पडणे, करपणे आणि मुरडणे या चार-पाच लक्षणांतच तिला आपली सारी कैफियत मांडावी लागते, आणि त्यामुळे परस्परविरुद्ध कारणांचे लक्षण एकच दिसू शकते. उन्हाळ्यात तर हा घोटाळा अधिकच वाढतो. सबब औषधाची तजवीज करण्यापूर्वी कारणाची शहानिशा झाली पाहिजे, आणि ती पानापासून नव्हे तर कुंडीपासून सुरू झाली पाहिजे.

जमिनीत वाढणाऱ्या झाडाची मुळे जसजशी खोल जातात तसतसे त्यांना स्थिर तापमान लाभते. भर दुपारी वरची माती तापली तरी हातभर खाली तिची झळ फारशी पोहोचत नाही. कुंडीतल्या झाडाला हा आश्रय नाही. त्याची कोवळी मुळे वाढत वाढत नेमकी कुंडीच्या भिंतीला जाऊन भिडतात, आणि उन्हात सर्वांत जास्त तापते ती हीच भिंत. अमेरिकेच्या दक्षिण भागातील रोपवाटिकांत काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांतील मातीचे तापमान मोजले गेले, तेव्हा ऊन लागणाऱ्या बाजूस ते ५० अंशांच्याही वर गेल्याचे आढळले. बहुतेक झाडांच्या मुळांची वाढ ३८ ते ४० अंशांच्या आसपासच खुंटू लागते. आपल्याकडे रोपवाटिकेतून झाड घरी येते ते काळ्या पिशवीत, आणि कित्येकदा त्याच पिशवीत ते पुढचा उन्हाळाही काढते. मातीची भाजलेली कुंडी पाझरते आणि माठाप्रमाणे आपल्या अंगच्या ओलाव्याने थंड राहते. मात्र या पाझरण्याची किंमत पाण्याच्या रूपाने मोजावी लागते, आणि मे महिन्यातल्या दमट हवेत हा गारवा पुष्कळसा ओसरतो. काळ्या कुंडीभोवती जुने गोणपाट गुंडाळणे, किंवा ती दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या पोकळीत नारळाच्या शेंड्या भरणे, हा बंदोबस्त कोणत्याही खतापेक्षा अधिक उपयोगी आहे.

कुंडीतले झाड दिवसाकाठी किती पाणी पिते, याचा पहिला चोख हिशेब इंग्लंडमधील टेडिंग्टन येथील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी १७२४ च्या उन्हाळ्यात मांडला. साडेतीन फूट उंचीचे एक सूर्यफूल त्यांनी कुंडीतच वाढविले होते. मातीतून वाफ निसटू नये म्हणून कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद करून ते सकाळ-संध्याकाळ कुंडीचे वजन करीत, आणि अत्यंत उष्ण व कोरड्या दिवशी बारा तासांत त्या एका झाडाने १ पौंड १४ औंस, म्हणजे जवळजवळ ८५० ग्रॅम पाणी हवेत सोडल्याचे त्यांना आढळले. तीन शतकांपूर्वीची ही रीत आजही गॅलरीत अवलंबिण्यासारखी आहे, आणि तिला तराजूचीही आवश्यकता नाही. पाणी दिल्यावर कुंडी किंचित उचलून पाहावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलावी. आठवडाभरात हाताला वजनाची ओळख पटते.

सुकलेल्या पानाबद्दल पहिला प्रश्न विचारावयाचा तो वेळेचा. दुपारी दोन वाजता मान टाकलेले आणि सायंकाळी पुन्हा ताठ झालेले झाड आजारी नसते. मुळांना पुरविता येईल त्याहून अधिक पाणी पानांतून उडून जात असल्यामुळे त्याने घेतलेली ती तात्पुरती माघार असते, आणि त्याला सावली पुरते. पहाटे सहाला, हवा निवलेली असताना, जे झाड मान टाकून उभे असते त्याच्याकडे मात्र तातडीने लक्ष द्यावे. अशा वेळी बोट दोन पेरे मातीत घालावे. माती कोरडी लागली तर निदान सोपे वाटते, पण तेथेही एक फसगत असते. कोकोपीट एकदा पुरते वाळले की पाणी झटकून टाकते. वरून घातलेले पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली उतरते, तळाच्या भोकातून धार लागते, घरच्या माणसाचे समाधान होते, आणि मुळांचा मधला गोळा भुकटीसारखा कोरडाच राहतो. अशी कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावी; बुडबुडे थांबले म्हणजे पाणी आत शिरले.

माती ओली आणि झाड तरीही सुकलेले, ही अवस्था अधिक गंभीर होय, आणि नेमक्या याच अवस्थेत आपल्या लोकांचा हात पाण्याच्या तांब्याकडे जातो. मुळांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ४० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसहा. आणि दुसरीकडे तापमान दहा अंशांनी वाढले की मुळांची प्राणवायूची मागणी जवळपास दुप्पट होते. म्हणजे पुरवठा घटतो आणि गरज वाढते, असा दुहेरी पेच उष्ण चिखलात अडकलेल्या मुळांपुढे उभा राहतो. ती गुदमरली की पाण्यात उभे असलेले झाडही तहानेने सुकते. खालच्या मजल्यावरून तक्रार येऊ नये म्हणून आपण कुंडीखाली बशी ठेवतो ते योग्यच, पण त्या बशीत पाणी साठू देऊ नये. निचऱ्यासाठी तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर घालण्याची सर्वमान्य चालही उपयोगाची नाही. कुंडीच्या बुडाशी राहणाऱ्या चिंब थराची जाडी मातीच्या कणांवर ठरते, आणि विटांचा थर तो नाहीसा न करता मुळांच्या अधिक जवळ आणून ठेवतो. रोपवाटिकेतली चिकट लाल माती एकटी न वापरता तिच्यात भुसभुशीत खत आणि जाड कोकोपीट मिसळणे, हाच खरा निचरा.

शंका उरली तर झाड कुंडीतून काढून पाहण्यास भिऊ नये. कुंडी आडवी करून कडेने थोपटली की मातीचा गोळा अलगद हातात येतो, आणि मग जे दिसते ते कोणत्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट असते. तासगाव-नाशिककडचे द्राक्षबागायतदार ज्या ‘पांढऱ्या मुळी’च्या शोधात बोद उकरून पाहतात, तीच पांढरी, टणक, कोवळी मुळी गोळ्याच्या कडेने दिसली पाहिजे. प्रयोग परिवाराच्या श्री. अ. दाभोळकरांनी शेतकऱ्यांना आणि शहरातल्या गच्चीवर बाग करणाऱ्यांनाही हाच आग्रह केला, की झाड समजून घ्यावयाचे तर त्याच्या अन्न घेणाऱ्या कोवळ्या मुळांपासून सुरुवात करावी. मुळे तपकिरी झाली असतील, आंबूस वास येत असेल, आणि दोन बोटांत धरून ओढल्यावर मुळाची साल मोज्यासारखी निसटून आत केवळ एक दोरा उरत असेल, तर ती मूळकूज समजावी. उन्हात असलेल्या एकाच बाजूची मुळे मेलेली असतील, तर तो रोग नसून ती उष्णतेची इजा आहे.

मुळे निरोगी असतील तरच पानांच्या रंगाची चौकशी अर्थपूर्ण ठरते. पिवळेपणा जुन्या पानांवर सुरू झाला की नव्या, हा येथील निर्णायक प्रश्न. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाच्या अंगात एका जागेहून दुसरीकडे नेता येतात. त्यांचा तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतला साठा काढून नव्या पालवीला देते, म्हणून खालची पाने आधी उतरतात. नत्र कमी असेल तर सबंध पान सारखेच फिके होते. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. पालाशाच्या अभावी कडा करपतात. लोह आणि कॅल्शियम मात्र एकदा जेथे बसले तेथून सहसा हलत नाहीत, आणि म्हणून त्यांची उणीव शेंड्यावर प्रकटते. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये यूजेन ग्रिस यांनी पिवळ्या पडलेल्या पानांना लोहाच्या क्षाराचा द्रव लावून ती पुन्हा हिरवी होतात हे दाखविले. आपल्या गॅलरीतल्या कढीपत्त्याचे आणि मोगऱ्याचे पिवळे शेंडे बहुधा याच जातीचे असतात. यातली लक्षात घेण्याजोगी बाब अशी की मातीत लोह नसते असे नाही. कोकणातली लाल माती तर लोहानेच लाल आहे. पण कुंडीत बांधकामाचा चुना-सिमेंटमिश्रित राबिट मिसळलेला असला, किंवा पाणी जड असले, की माती अल्कधर्मी होते आणि ते लोह मुळांना घेता येत नाही. आणखी नत्र टाकून हे पान हिरवे होणार नाही. चिलेटेड लोहाची सौम्य फवारणी आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत, हा त्यावरचा उपाय.

पानांची टोके आणि कडा तपकिरी होऊन मातीवर पांढरट पापुद्रा धरला असेल तर क्षारांचा संशय घ्यावा. नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी मिळते, तरी उन्हाळ्यात जेथे टँकर अथवा बोअरवेलचे पाणी बागेकडे वळविले जाते तेथे खाडीलगतच्या भूजलाचा खारेपणा कुंडीत येऊ शकतो. जलशुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची काटकसरही पारखून करावी: चार भाग पाण्यातून एक भाग शुद्ध निघाला तर त्यातील बहुतेक सारे क्षार उरलेल्या तीन भागांत येतात, निम्मे शुद्ध निघाले तर खारेपणा जवळजवळ दुप्पट होतो. मूळचे पाणी गोडे असेल तर हे चालून जाते, टँकरचे असेल तर चालत नाही. त्यातच पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे दर दिवशी थोडे थोडे पाणी घालणाऱ्याची कुंडी अधिकाधिक खारट होत जाते. अशा कुंडीतून तिच्या आकारमानाच्या दुप्पट गोडे पाणी सायंकाळी सावकाश वाहू द्यावे आणि तोवर खत बंद ठेवावे.

किडींविषयी थोडक्यात एवढेच. मिरचीची पाने वरच्या बाजूस वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खालच्या बाजूस वळली तर कोळी, हा शेतकऱ्यांचा आडाखा बहुधा खरा ठरतो. पानावर सुईने टोचल्यासारखे फिके ठिपके दिसले तर पांढऱ्या कागदावर फांदी झटकावी. ठिपक्याएवढे जीव चालू लागले तर तो लाल कोळी होय. ३० अंशांच्या आसपास त्याची पिढी आठवडाभरात पूर्ण होत असल्यामुळे विलंब महागात पडतो. दोन-तीन दिवसांआड पानांच्या खालच्या बाजूस पाण्याचा जोरदार फवारा मारल्याने पुष्कळ काम होते. भर दुपारी पानावर राहिलेले थेंब भिंगासारखे काम करून पान जाळतात, ही समजूत गुळगुळीत पानांच्या बाबतीत हंगेरीतील संशोधकांनी २०१० मध्ये प्रयोगाने खोटी ठरविली आहे. कागदासारखे पांढरे डाग एकाच बाजूच्या पानांवर असतील तर भिंग शोधण्याऐवजी समोरचा काचेचा दर्शनी भाग किंवा शेजारच्या वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा पंखा पाहावा.

आणि काही तक्रारींवर इलाजच नसतो. दिवसाचे तापमान ३५ अंशांपलीकडे आणि रात्रीचे २५ च्या वर राहू लागले की टोमॅटोचे पराग निकामी होतात व फुले गळतात. तो रोग नव्हे, हंगाम चुकला एवढाच त्याचा अर्थ, आणि एप्रिल-मेमध्ये सीवूड्सच्या गॅलरीत टोमॅटोचा हट्ट सोडून भेंडी वा चवळी लावणे शहाणपणाचे.

कारण ठरले की एका वेळी एकच बदल करावा आणि पंधरा दिवस थांबावे. पाणी, जागा, खत आणि औषध ही चारही एकदम बदलली तर झाड सुधारले तरी कशाने सुधारले ते कळत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच अडचण नव्याने उभी राहते. करपून वाळलेला पानाचा भाग पुन्हा कधीही हिरवा होत नाही. म्हणून उपचार लागू पडला की नाही, याचा निर्णय जुन्या पानांकडे पाहून न करता त्यानंतर फुटलेल्या पालवीकडे पाहून करावा.