थरांचा क्रम आणि पारदर्शकतेचे सपाटीकरण
लेखांक ६

चित्रातील रेषा आणि आकार ठिपक्यांच्या चौकटीत न साठवता गणिती वक्रांच्या रूपाने साठवणाऱ्या प्रणालीला सदिश किंवा व्हेक्टर प्रणाली म्हणतात. अशा प्रणालीतील थर, म्हणजे लेयर, हे सामान नीटनेटके ठेवण्याचे कप्पे आहेत अशी सर्वसाधारण समजूत असते. छपाईच्या दृष्टीने पाहता ही समजूत अपुरी आहे, कारण कोणता आकार कोणत्या थरावर आहे यावरच फाइल सपाट होताना त्या आकाराचे काय होणार हे बहुतांशी ठरते. आणि हा निर्णय चित्रकार चित्र रचत असतानाच, बहुधा नकळत, घेऊन मोकळा झालेला असतो.

१९८४ साली अडोबीने आणलेल्या पोस्टस्क्रिप्ट या पृष्ठवर्णनाच्या भाषेत पारदर्शकतेला जागाच नव्हती. वरचा आकार खालच्याला पूर्ण झाकतो एवढाच नियम तिला ठाऊक होता. अडोबीच्याच इलस्ट्रेटर या व्हेक्टर प्रणालीच्या नवव्या आवृत्तीत, २००० साली, कोणत्याही आकाराला पारदर्शकता देऊन ती नंतर हवी तेव्हा बदलण्याची सोय आली आणि २००१ साली पीडीएफच्या १.४ या आवृत्तीने ती पीडीएफमध्येही मान्य केली. छापखान्यातील यंत्रणा मात्र जुन्याच भाषेत बोलत होती. त्यामुळे पारदर्शक चित्राचे, दिसायला तसेच पण प्रत्यक्षात संपूर्ण अपारदर्शक अशा तुकड्यांत रूपांतर करणे भाग पडले, आणि या रूपांतरालाच सपाटीकरण, प्रीप्रेसच्या (छपाईपूर्व कामाच्या) बोलीत 'फ्लॅटन करणे', असे म्हणतात.

निळ्या शाईच्या, म्हणजे शंभर टक्के सायनच्या, वर्तुळावर शंभर टक्के पिवळ्याचा एक चौकोन अर्धवट चढवला आणि त्याची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकतेची टक्केवारी, ५० ठेवली, तर सपाटीकरणानंतर तेथे दोन आकार उरत नाहीत, तीन तुकडे होतात: वर्तुळाचा उघडा भाग शंभर टक्के सायनचा, चौकोनाचा कागदावरचा भाग ५० टक्के पिवळ्याचा, आणि दोहोंच्या छेदातील भाग ५० टक्के सायन व ५० टक्के पिवळ्याचा. येथवर सारे सरळ आहे. परंतु वरचा आकार मऊ कडांची सावली असेल, तर तिची छटा बिंदूगणिक बदलते, तिचे एकरंगी तुकडे पाडता येत नाहीत, आणि मग त्या भागाचे रास्टर, म्हणजे ठिपक्यांचे चित्र, करण्यावाचून प्रणालीला गत्यंतर राहत नाही. किती भाग वक्रांच्या रूपात राखायचा आणि किती ठिपक्यांत उतरवायचा हे ठरवणारी पट्टी ० ते १०० अशी असते. ती ० वर नेली की सगळे चित्र ठिपक्यांचे होते, १०० वर नेली की शक्य तेवढे वक्र शाबूत राहतात. रास्टरचे विभेदन, म्हणजे एका इंचात किती ठिपके हे प्रमाण, रेषा व मजकुरासाठी १२०० आणि छटांसाठी ३०० ठेवण्याचा प्रघात आहे, तो योग्यच आहे.

खरी हानी मजकुराची होते. एखादा परिच्छेद सावलीच्या खालच्या थरावर असेल आणि सावलीची कड त्यातील दोन ओळींवरून जात असेल, तर सावलीच्या टापूतील अक्षरांची बाह्यरेषा बनते किंवा ती ठिपक्यांत उतरतात, उरलेली अक्षरे मात्र फॉन्टमध्येच राहतात. बाह्यरेषा झालेले अक्षर फॉन्टमधील सूक्ष्म सूचनांना मुकते आणि किंचित जाड उमटते. परिणामी एकाच ओळीत काही शब्द ठळक आणि काही बारीक दिसतात, बारीक टाइपातील अनुस्वार आणि रफार तर भरून आल्यासारखे वाटतात. पारदर्शक आकाराच्या वर असलेल्या मजकुराला सपाटीकरण हात लावत नाही, म्हणून सर्व मजकुराचा स्वतंत्र थर करून तो सर्वांत वर ठेवणे हा यावरचा साधा आणि खात्रीचा उपाय आहे. सगळ्याच मजकुराच्या बाह्यरेषा करून जाडी एकसारखी करण्याचा पर्यायही प्रणालीत असतो, पण त्यात सगळीच अक्षरे जाड होतात, तेव्हा तो नाइलाजाचाच समजावा.

पारदर्शकता कोणत्या पातळीवर दिली आहे, सुट्या आकाराला, गटाला की संपूर्ण थराला, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि देवनागरीत तो डोळ्यांना लगेच दिसतो. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. मजकूर मजकूर म्हणून राहिला असेल, तर पीडीएफ एका मजकूरखंडातील अक्षरे एकच वस्तू मानते आणि अर्धपारदर्शक शीर्षकाचा रंग सलग दिसतो. त्याच्या बाह्यरेषा करून, गट फोडून, प्रत्येक अक्षराला वेगळी ५० टक्के ओपॅसिटी दिली, की शिरोरेषा जेथे जेथे एकमेकींवर येतात तेथे गडद आडव्या खुणा उमटतात. अक्षरांचा पुन्हा गट करून त्यांची ओपॅसिटी १०० वर आणली आणि ५० टक्के गटाला दिली, तर गटातील आकार आधी आपसांत अपारदर्शक म्हणून जुळतात, मग सगळा गट एकदम फिका होतो आणि खुणा नाहीशा होतात.

नावांच्या सारखेपणामुळे एक घोटाळा नेहमी होतो. इलस्ट्रेटरच्या लेयर पॅनेलमधील 'फ्लॅटन आर्टवर्क' ही आज्ञा सर्व वस्तू एका थरावर गोळा करते. पारदर्शकतेच्या सपाटीकरणाशी तिचा काही संबंध नाही. वस्तूंचा वरखालचा क्रम ती राखते, पण थराच्या पातळीवर लावलेला क्लिपिंग मास्क, म्हणजे चित्राचा ठरावीक भागच दाखवणारा आकार, टिकत नाही, आणि लपवलेल्या थरांवर काही असेल तर ते ठेवायचे की टाकायचे असे ती विचारते. घाईत दिलेल्या उत्तराने येथे बरेच काम वाया जाऊ शकते.

छपाईच्या फाइलींसाठीच्या २००१ च्या पीडीएफ/एक्स-१ए या मानकाने पारदर्शकता वर्ज्य ठरवली होती. २००८ च्या पीडीएफ/एक्स-४ ने ती आणि थर दोन्ही मान्य केले. २००६ मध्ये जाहीर झालेल्या अडोबीच्या पीडीएफ प्रिंट इंजिनसारख्या यंत्रणा पारदर्शक पीडीएफ थेट वाचतात आणि रंगांचा हिशेब अगदी शेवटी, छपाईयंत्राच्या विभेदनावर करतात, त्यामुळे आज आधीच सपाट केलेली फाइल मागणे हे बहुधा सवयीचे लक्षण आहे. ईपीएस, म्हणजे पोस्टस्क्रिप्टवर आधारलेली फाइल, मागितली जाते तेथे मात्र सपाटीकरण टळत नाही, कारण त्या स्वरूपात पारदर्शकता साठवताच येत नाही. अशा वेळी मूळ फाइल वेगळी जपून तिची प्रत सपाट करावी, कारण सपाट होऊन बंद केलेल्या फाइलमधील सावली पुन्हा सुटी करता येत नाही. सपाट पीडीएफ पडद्यावर पाहताना तुकड्यांच्या सांध्यांवर केसाएवढ्या पांढऱ्या रेषा दिसल्या, तर चित्र मोठे करून पाहावे: मोठे करूनही रेषेची जाडी वाढत नसेल, तर ती कडा मऊ दाखवण्याच्या पडद्याच्या पद्धतीतून आलेली असते आणि सहसा कागदावर उमटत नाही. विशेष शाईवर टाकलेल्या सावलीभोवती दिसणारी पांढरी चौकट हे वेगळे प्रकरण आहे. ते ओव्हरप्रिंटशी, म्हणजे एका शाईवर दुसरी शाई चढवण्याशी, निगडित असल्याने त्याचा विचार पुढील लेखांकात येईल.