जॅग्वारचे लांब नाक

१९६१ च्या मार्च महिन्यात जॅग्वार कंपनीने आपली ई-टाइप ही नवी गाडी जिनिव्हा येथे जगापुढे मांडली, तेव्हा पाहणाऱ्यांच्या नजरेत प्रथम भरले ते तिचे नाक. कारण गाडीच्या एकंदर लांबीपैकी निम्म्याच्या आसपासचा हिस्सा एकट्या बॉनेटने व्यापला होता, आणि बसणाऱ्या दोघांची सोय जवळजवळ मागच्या चाकांपाशी, उरल्यासुरल्या जागेत केलेली होती. त्या नाकाची मोहिनी अद्याप ओसरलेली नाही. ते बदलण्याचा प्रसंग ज्याच्यावर येतो, त्याला मात्र ही मोहिनी चांगलीच महागात पडते.

या आकृतीचा कर्ता मॅल्कम सेयर हा ब्रिस्टलच्या विमान कारखान्यातून मोटारींकडे वळलेला वायुगतिशास्त्रज्ञ. १९५५ पासून लागोपाठ ३ वर्षे ल मांची शर्यत जिंकणारी डी-टाइपही त्याच्याच हातची. गाडीची प्रत्येक वक्ररेषा तो हाताच्या लहरीवर न सोडता लॉगॅरिदमची कोष्टके घेऊन बिंदूबिंदूने गणिताने सिद्ध करी, आणि कोणी त्याला नुसता सजावटकार समजले तर ते त्यास मुळीच रुचत नसे. तरीही बॉनेटच्या मध्यावरील तो सुप्रसिद्ध उंचवटा, ज्याला रसिक सामर्थ्याचे चिन्ह मानतात, तो वस्तुतः एका अडचणीचा तोडगा आहे: आत ३.८ लिटरचे, सहा सिलिंडरांचे उंच इंजिन उभे होते आणि त्याच्या माथ्याला जागा करून देणे भाग होते.

दुरून पाहता हे बॉनेट एकाच पत्र्यातून ओतल्यासारखे भासते. हा भास आहे. एवढे प्रचंड आणि एवढे वळणदार अंग एका ठोक्यात साच्यातून काढणे अशक्यप्राय; म्हणून मधला भाग निराळा, दोन्ही बाजूंचे पंखे, म्हणजे चाकांवरचे मडगार्ड, निराळे, नाकाखालचा पत्रा निराळा, अशी त्याची फोड केलेली असून पंखे मधल्या भागाला आतल्या बाजूने बोल्टांनी जोडलेले असतात, आणि सांध्यावर क्रोमची बारीक पट्टी अशा खुबीने बसविलेली असते की, अनभिज्ञ मनुष्याने तिला अलंकार समजावे. गरम हवा बाहेर जाण्यासाठीचे झरोके आरंभीच्या गाड्यांत स्वतंत्रपणे ठोकून मागाहून वेल्ड केलेले होते. पुढे ते थेट पत्र्यातच उठविले जाऊ लागले. पहिल्या सुमारे ५०० गाड्यांच्या बॉनेटची कुलुपे बाहेरच्या अंगाला होती व ती उघडण्यास स्वतंत्र किल्ली लागे. आज संग्राहक याच गैरसोयीसाठी अधिक दाम मोजतात!

बिजागऱ्या पुढे असल्यामुळे काचेकडची कड उचलली की पंखे, दिवे, जाळी यांसह सगळे नाक पुढे कलते, पुढची चाके उघडी पडतात आणि मिस्त्री खुशाल टायरवर बसून कामाला लागतो. इंजिनाच्या दृष्टीने इतकी सोयीची रचना विरळा. परंतु धडकेच्या दृष्टीने इतकी बेसावध रचनाही विरळाच. पुढचा बंपर नावापुरता, चालकाला नाकाचे टोक दिसण्याची मारामार. तेव्हा गाडी उभी करताना भिंतीशी झालेली क्षुल्लक भेटही थेट या महागड्या पत्र्यावर उमटते. जोडांच्या दुमडीत साचलेले पाणी आपले काम मुकाट्याने करीत असते, ते वेगळेच.

जुने बॉनेट उतरविणे हे अर्ध्या दिवसाचेही काम नव्हे. दिव्यांच्या तारा सोडवाव्यात, उचलण्यास साहाय्य करणाऱ्या स्प्रिंगा मोकळ्या कराव्यात, दोघातिघांनी भार पेलून बिजागऱ्यांचे बोल्ट काढावेत, की ते अलग होते. खरी कसोटी नवे चढविताना लागते. जॅग्वारच्या कॉव्हेंट्री येथील कारखान्यात प्रत्येक बॉनेट त्या त्या गाडीवर हाताने जुळविलेले असे, फटी सारख्या करण्यासाठी शिशाचा लेप देऊन कानशीने घासलेले असे; त्यामुळे एका गाडीचे बॉनेट दुसरीवर बिनतक्रार बसेल, ही अपेक्षाच गैर. म्हणून जाणता कारागीर पंख्यांचे बोल्ट ढिले ठेवूनच ते गाडीवर चढवितो, बिजागऱ्यांखाली पातळ चकत्या घालीत वा काढीत दाराकडची व काचेकडची फट सारखी करतो, मग बोल्ट आवळतो, आणि या सगळ्याअंती रंगाचे नाव काढतो. फायबरग्लासचे बॉनेट स्वस्त पडते व गंजत नाही, हे मान्य. पण पत्र्यावरील प्रकाशाची ती सलग रेघ त्यावर उमटलेली मी तरी पाहिली नाही.

२००८ साली टाटा मोटर्सने ही कंपनी फोर्डकडून घेतली, आणि या नाकाचा वारसा मुंबईच्या दप्तरी दाखल झाला. पुढे २०१४ मध्ये कंपनीने १९६३ च्या हलक्या, ॲल्युमिनियमच्या ई-टाइपांपैकी न बांधलेल्या ६ गाड्या पूर्ण करण्याचे ठरविले, तेव्हा जुन्या गाडीच्या अंगाचे यंत्राने मोजमाप घेतले गेले. आणि दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या याव्यात म्हणून डाव्या बाजूचेच माप उलटवून उजवीला लावण्यात आले.

ज्याच्या घरी अशी गाडी असेल त्याला एवढीच विनंती, की नवे बॉनेट येऊन, चढून, दोन्हीकडच्या फटी जुळेपर्यंत जुने भंगारवाल्याच्या हवाली करू नये; त्या गाडीचे खरे माप त्याच्यापाशीच असते.